आदिलशाही आणि भीमाकाठचा प्रदेश

आदिलशाही : विजापूर (सध्याचे अधिकृत नाव विजयपुर, कर्नाटक राज्य) येथून सु. १४९० ते १६८६ पर्यंत राज्य करणारे सुलतानघराणे. बहमनी राज्याच्या विघटनातून दक्षिणेत जी पाच राज्ये निर्माण झाली, त्यांपैकी अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही व विजापूरची आदिलशाही ही तीन प्रबळ ठरली. वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीने व बीदरची बरीदशाही १६१९ मध्ये आदिलशाहीने खालसा केली. आदिलशाहीचा विस्तार उत्कर्षकाळी पश्चिम समुद्रापासून तमिळ प्रदेशातील जिंजीपर्यंत होता. परंतु तिच्या राजकारणाचा मर्मबिंदू पाहावयाचा, तर तो दूरच्या कर्नाटकात न शोधता सोलापूर, मंगळवेढे, पंढरपूर, परांडे व नळदुर्ग या भीमा-सीनेच्या टापूत शोधावा लागतो. प्रस्तुत नोंदीत घराण्याचा उदय व त्याची वैरे यांचा विचार मुख्यतः या प्रदेशाच्या संदर्भात केला आहे.

हा टापू वादाचा का झाला, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. विजापूरहून उत्तरेस निघालेल्या फौजेला भीमेपर्यंत एकही डोंगर आडवा येत नाही. अहमदनगरहून दक्षिणेस येणाऱ्यालाही सीनेच्या खोऱ्याने सोलापूरपर्यंत मोकळी वाट आहे. नद्या उन्हाळ्यात सहज उतरता येतात. जमीन काळी व कसदार; मंगळवेढ्याची ज्वारी आजही प्रसिद्ध आहे. पाऊस मात्र बेभरवशाचा. बहमनी काळातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा, म्हणजे दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेला खुली केल्याची हकीकत, या भूमीचे दोन्ही गुण सांगते : कोठारे भरण्याइतके पीक आणि ती फोडावी लागण्याइतकी उपासमार. अशा प्रदेशात निसर्गाने आखून दिलेली सरहद्द नसते. ती किल्ल्यांनी आखावी लागते. सोलापूर, परांडे, नळदुर्ग व मंगळवेढे ही या सरहद्दीची ठाणी होत. पंढरपूर हे ठाणे नव्हे, क्षेत्र. पण ते या सर्वांच्या मधोमध येते आणि विजापूरपासून सु. शंभर किमी. अंतरावर आहे.

घराण्याचा उदय : महमूद गावान या कर्तबगार वजिराचा बहमनी सुलतानाने १४८१ मध्ये शिरच्छेद करविला आणि तेव्हापासून प्रांताधिकाऱ्यांना दरबारात जीविताची शाश्वती राहिली नाही. गावानच्या आश्रयाने पुढे आलेला यूसुफ आदिलखान हा विजापूरच्या तरफेचा अधिकारी होता. अहमदनगरचा मलिक अहमद व वऱ्हाडचा फत्हुल्ला इमादुल्मुल्क यांच्याबरोबर त्यानेही १४९० च्या सुमारास स्वतंत्रपणे कारभार पाहण्यास सुरुवात केली. हे स्वातंत्र्य एका दिवसात पुकारले गेले, असे समजण्याचे कारण नाही. बहमनी गादी त्यानंतरही नावापुरती चालू होती आणि पहिले आदिलशाही पुरुष स्वतःस ‘शाह’ न म्हणवता ‘खान’ म्हणवीत, असे दिसते. मोगल कागदपत्रांत तर पुढे दीर्घकाळ विजापूरच्या सुलतानाचा उल्लेख आदिलखान असाच येतो.

यूसुफच्या कुळाविषयीची हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. तीनुसार तो तुर्कस्तानचा सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र. थोरला भाऊ १४५१ मध्ये गादीवर आल्यावर भावांना ठार मारण्याच्या प्रथेतून आईने त्याला वाचविले, इराणातील सावा येथे तो वाढला व पुढे गुलाम म्हणून बीदरास विकला गेला. फिरिश्ता हा दुसऱ्या इब्राहिमाच्या पदरी, विजापूरच्याच दरबारी लिहीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेचे मोल किती धरावे, ते कळते. गादीवर आलेल्या घराण्यास राजवंशाची जोड हवी असते. तो सावा भागातील तुर्कमान होता, एवढेच बहुतेक संशोधक मान्य करतात. यूसुफने मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी विवाह केला. ती बूबूजी खानम या नावाने ओळखली जाते. पुढील गादीचा वारस इस्माईल हा तिचाच पुत्र. म्हणजे दुसऱ्याच पिढीपासून या घराण्यात मराठा रक्त होते.

यूसुफने १५०२ च्या सुमारास शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. त्याबरोबर शेजारी सुन्नी सत्ताधीश एकत्र आले आणि त्याला काही काळ राज्य सोडून वऱ्हाडाकडे आश्रयास जावे लागले. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क याने गोवे घेतले. यूसुफने ते त्याच वर्षी परत जिंकले. परंतु त्याच्या मृत्यूनंतर नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांनी ते कायमचे हस्तगत केले. गोवे हे अरबी व इराणी घोड्यांच्या आयातीचे बंदर होते. ते गेल्यामुळे आदिलशाहीच्या घोडदळाची नाडी परक्याच्या हाती गेली व विजयानगरच्या राजांना घोडे मिळविण्याचा मार्ग अधिक मोकळा झाला.

साडेपाच परगणे : बहमनी सत्ता ढासळू लागली, तेव्हा परांडे व सोलापूर हा मुलूख ख्वाजा जहान व झैनखान या दोघा भावांकडे होता. अकरा परगण्यांची वाटणी होऊन प्रत्येकास साडेपाच आले. त्यांतील झैनखानाकडील सोलापूरचे साडेपाच परगणे हेच पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वैराचे मूळ. या विचित्र अपूर्णांकाचा उल्लेख तहांतून व तवारिखांतून सतत येतो आणि वाचकास तो गूढ वाटतो. त्यामागे दोन भावांच्या वाटणीखेरीज दुसरे काही नाही.

इस्माईल (कार. १५१०–३४) गादीवर आला तेव्हा अल्पवयी होता. त्याचा कारभारी कमालखान दखनी याने १५११ मध्ये सोलापूर जिंकून घेतले व त्या यशाच्या बळावर गादीच बळकावण्याचा घाट घातला. बूबूजी खानमने एका विश्वासू सेवकाकरवी त्याचा वध करविला. त्याचा मुलगा वाड्यावर चालून आला, तेव्हा राजवाड्यातील स्त्रियांनी तटावरून प्रतिकार केला, असे फिरिश्ता लिहितो. या प्रसंगात आदिलशाहीचा एक कायमचा रोगही प्रकट झाला. दरबारात दोन तट होते. इराण, तुर्कस्तान इ. देशांतून आलेले ते आफाकी किंवा परदेशी. येथेच स्थायिक झालेले मुसलमान व त्यांच्या बाजूचे हबशी ते दखनी. पंथाने पहिले बहुधा शिया, दुसरे सुन्नी. नवा सुलतान आला की पंथ बदले, पंथ बदलला की नोकऱ्या बदलत, आणि नोकरी गेलेला सरदार आपल्या पथकासह अहमदनगरास किंवा विजयानगरास जाई. शेजारी राज्यांचे वैर अशा रीतीने घरातूनच पोसले गेले.

इस्माईल व बुऱ्हाण निजामशाह यांची भेट सोलापुरास झाली आणि १५२४ च्या सुमारास इस्माईलची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाणशी लावण्यात आला. आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला व साडेपाच परगणे देण्याचे ठरले. ते दिले गेले नाहीत. आपण असे वचन दिलेच नव्हते, अशी भूमिका विजापूरने घेतली. दुसऱ्याच वर्षी बुऱ्हाणने इमादशाह व बरीदशाह यांच्या साह्याने सोलापुरास वेढा दिला आणि पराभव पत्करला. तत्कालीन दख्खनमध्ये तह, विवाह आणि मुलूखदान ही एकाच व्यवहाराची तीन अंगे होती. मुलीबरोबर दिलेला मुलूख हा जिंकून घेतलेला नसल्यामुळे देणाऱ्यास अपमान वाटत नसे. परंतु तो न मिळाल्यास घेणाऱ्याचा अपमान दुप्पट होई. ज्या मुलीच्या नावाने हे सारे चालले होते, तिच्या मनाची नोंद कोणत्याही तवारिखेत नाही.

दक्षिणेकडे विजयानगरशी असाच झगडा कृष्णा-तुंगभद्रेमधील रायचूर दुआबासाठी चालू होता. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने (कार. १५०९–२९) रायचूर येथे इस्माईलचा दारुण पराभव केला. त्याच्या मृत्यूनंतर इस्माईलने रायचूर व मुद्‌गल परत मिळविले, तरी राज्याला दोन तोंडांनी लढावे लागते, ही वस्तुस्थिती बदलली नाही. वारकरी परंपरेत कृष्णदेवरायाची आठवण निराळ्या कारणाने राहिली आहे. त्याने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयानगरास नेली व पैठणचे संत भानुदास (एकनाथांचे पणजे) यांनी ती परत आणली, अशी ही कथा होय. तिला समकालीन लेखी आधार नाही आणि हंपी येथील भव्य विठ्ठलमंदिर हे तिचे निर्णायक प्रमाण मानता येत नाही. तथापि दोन राज्यांच्या सीमेवरील क्षेत्राला आपले दैवत कोणी राजा उचलून नेईल, अशी धास्ती वाटत असावी. तिचे प्रतिबिंब या कथेत पडले आहे, असे मानण्यास जागा आहे.

पहिला इब्राहिम (कार. १५३४–५८) याची कारकीर्द युद्धांनी भरलेली असली, तरी त्याचा एक निर्णय सर्व लढायांहून टिकाऊ ठरला. त्याने परदेशी सरदारांपैकी बहुतेकांना कमी केले आणि महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा हुकूम दिला. त्यामुळे जमाखर्च ब्राह्मण कारकुनांच्या हाती आला. पश्चिम भागात ही देशी भाषा म्हणजे मराठी. आदिलशाही फर्मानांच्या खाली वा पाठीवर मराठी मजकूर आढळतो, खुर्दखते मराठीत लिहिली जात आणि गावच्या हक्कांचे तंटे गोतसभेत चालून त्यांचे महजर मराठीत होत. महजर, मोकासा, इनाम, ठाणे, हवालदार, मजमुदार हे शब्द मराठीत रुळले, ते या व्यवहारातून. राजाच्या बाजूने पाहता हा काटकसरीचा उपाय होता. परदेशी मुत्सद्दी महाग पडत व राजकारणात ढवळाढवळ करीत. देशपांडे-कुळकर्णी गाव सोडून जाणारे नव्हते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, सुलतान व सरदार बदलले तरी गावोगावचा जमिनीचा लेखा ज्यांना वाचता येत होता, असा एक वर्ग या प्रदेशात तयार झाला. लष्करातही मराठा शिलेदारांना स्थान मिळाले. म्हसवडचे माने, जतचे डफळे, फलटणचे निंबाळकर, मलवडीचे घाटगे, मुधोळचे घोरपडे ही आदिलशाहीची चाकरी केलेली प्रमुख घराणी. यांतील माने व डफळे तर पंढरपूरचे निकटचे शेजारी. चाकरीबद्दल मोकासा मिळे. मोकासा बदले, वतन मात्र बदलत नसे. म्हणून यांची निष्ठा वतनाशी घट्ट व धन्याशी सैल राहिली, आणि ते त्यांच्या दृष्टीने स्वाभाविकच होते.

विजयानगर व चौघांची एकी : पहिल्या इब्राहिमाच्या काळी बुऱ्हाण निजामशाहाने विजयानगरच्या रामरायाशी संगनमत केले. १५५२ च्या सुमारास रामरायाने रायचूर व मुद्‌गल घेतले आणि सोलापूर अखेर बुऱ्हाणच्या हाती पडले. पहिला अली (कार. १५५८–८०) याने तोच डाव उलटविला. रामरायाचा मुलगा वारला, तेव्हा अली स्वतः विजयानगरास समाचाराला गेला. रामरायाच्या घरी त्याला पुत्राप्रमाणे वागविण्यात आले, असे इतिहासकार लिहितात. त्यानंतर रामराय व अली यांच्या संयुक्त फौजांनी निजामशाही मुलूख तुडविला आणि हुसेन निजामशाहाला रामरायापुढे जाऊन त्याच्या हातून विडा घेणे भाग पडले.

या अपमानातून जुळलेली एकी म्हणजे १५६४–६५ ची सुलतानांची आघाडी. तिला धर्मयुद्धाचे स्वरूप देण्याची प्रथा फार्सी इतिहासकारांनी पाडली व पुढे अनेकांनी ती चालविली. प्रत्यक्षात ती एका लग्नाने साधली गेली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. हुसेनने आपली कन्या चांदबीबी अलीला दिली व आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तझा याला देण्यात आली. चाळीस वर्षांपूर्वी जे आंदण विजापूरने नाकारले होते, तेच आता अहमदनगरकडून विजापूरला मिळाले. सोलापूरचा प्रश्न मिटला, तेव्हाच दोन्ही सैन्ये तालिकोट्याकडे निघू शकली. जानेवारी १५६५ मध्ये कृष्णेच्या दक्षिणेस, रक्कसगी व तंगडगी या गावांच्या परिसरात, युद्ध होऊन रामराय पकडला गेला व मारला गेला. विजयानगर शहर लुटून उद्‌ध्वस्त करण्यात आले.

विजयानगरचा बंदोबस्त झाल्यानंतर पुढची काही वर्षे अलीने अदवानी, तोरगळ, बंकापूर ही स्थळे जिंकली. १५७०–७१ मध्ये अलीने गोव्यास व मुर्तझाने चौलास एकाच वेळी वेढा दिला. दोन्ही वेढे निष्फळ ठरले. या संयुक्त मोहिमेनंतर दोन्ही राज्ये पुन्हा परस्परांच्या सरहद्दीवर उभी ठाकली. दक्षिणेचा मोठा शत्रू नाहीसा झाल्याने एकीचे कारणही नाहीसे झाले होते.

चांदबीबीचे चरित्र या वैराचा निष्फळपणा जितका दाखविते, तितका दुसरा कोणताही पुरावा दाखवीत नाही. अलीचा १५८० मध्ये खून झाला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या दुसरा इब्राहिम गादीवर आला. चांदबीबी त्याची पालक. किश्वरखान या कारभाऱ्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. तो पडल्यावर ती सुटली. याच सुमारास तिच्या माहेरच्या फौजा कुतुबशाही सैन्यासह नळदुर्गास वेढा देऊन बसल्या होत्या. पुढे ती अहमदनगरास गेली, तेव्हा तेथेही वारसाचे तंटे व परदेशी-दखनी यांचे कलह तसेच चालू होते. १५९५–९६ मध्ये मोगल शाहजादा मुराद याने अहमदनगरास वेढा घातला आणि तिने किल्ला लढविला. तरीही वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १५९७ मध्ये सोनपेठ येथे विजापूरच्या सुहैलखानाच्या नेतृत्वाखाली आदिलशाही, निजामशाही व कुतुबशाही फौजा मोगलांविरुद्ध एकत्र लढल्या व हरल्या. ही एकी सत्तर वर्षे अगोदर झाली असती, तर तिचे फळ वेगळे दिसले असते काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारू नये असा संकेत आहे. तरी तो मनात येतोच. १६०० मध्ये चांदबीबी स्वतःच्याच लोकांकडून मारली गेली व अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला.

दुसरा इब्राहिम (कार. १५८०–१६२७) हा संगीत, चित्रकला व काव्य यांचा रसिक होता. किताब-इ-नौरस हा त्याचा दखनी भाषेतील गीतसंग्रह प्रसिद्ध आहे. ‘जगद्‌गुरू’ ही उपाधी त्याला लोक देत आणि त्याच्या काही कागदांच्या शीर्षस्थानी सरस्वतीला वंदन आढळते. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल हे त्याच्याच काळचे काम. परंतु ह्या सुसंस्कृत कारकीर्दीतही उत्तर सीमेवरील कलह थांबला नाही. निजामशाहीचा कारभार सावरणारा मलिक अंबर वाढू नये, म्हणून इब्राहिमने मोगलांशी हातमिळवणी केली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने मोगल व विजापूर यांच्या संयुक्त सैन्याचा धुव्वा उडविला, विजापूरवर चालून जाऊन इब्राहिमने वसविलेले नौरसपूर जाळले आणि सोलापूर पुन्हा घेतले. विजापूरच्या तटावरील मलिक-इ-मैदान ही प्रचंड तोफही या वैराचीच खूण आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरास ओतली गेली, पुढे परांड्यास होती व १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापुरास आणली.

मोगलांची मध्यस्थी व तिची किंमत : शाहजहानने १६३६ मध्ये निजामशाही संपविली आणि मुहम्मद आदिलशाह (कार. १६२७–५६) याच्याशी तह केला. त्यानुसार निजामशाही मुलखापैकी सोलापूर, परांडे, भीमा व नीरा यांमधील प्रदेश आणि उत्तर कोकणातील काही भाग विजापूरला मिळाला. मोबदल्यात वीस लाख रुपये पेशकश व मोगलांचे वर्चस्व मान्य करावे लागले. सव्वाशे वर्षे ज्यासाठी रक्त सांडले, ते साडेपाच परगणे अखेर तिसऱ्याने दान म्हणून दिले. निजामशाही वाचविण्याची अखेरची खटपट करणारे शहाजी भोसले याच तहानंतर आदिलशाहीच्या चाकरीत आले. उत्तरेची काळजी मिटल्याने मुहम्मदच्या फौजा रणदुल्लाखान, शहाजी इ. सेनानींच्या हाताखाली कर्नाटकात उतरल्या. बंगळूर, वेल्लोर, जिंजीपर्यंत राज्य पसरले. सु. ३८ मी. अंतर्व्यासाचा गोलघुमट हे या वैभवाचे स्मारक होय. राज्याची सीमा आता सर्वांत विस्तृत होती. पण निजामशाहीच्या रूपाने उत्तरेस असलेली भिंत तिने स्वतःच पाडण्यास हातभार लावला होता आणि विजापूर व मोगल यांच्यामध्ये आता कोणीही उरले नव्हते.

याच काळात पंढरीची वारी चालू होती. एकनाथांचे पैठण व तुकारामांचे देहू हे निजामशाही मुलखातील, आणि पंढरपूर बहुतेक काळ आदिलशाहीतील. आषाढी-कार्तिकीला जाणारा वारकरी अशा रीतीने दोन शत्रुराज्यांची सरहद्द ओलांडून जाई. मराठी कीर्तन व अभंग यांचा व्यवहार या सीमांनी तुटला नाही, ही गोष्ट राजकीय इतिहासात क्वचितच नमूद होते. पुढे १६३६ च्या तहाने देहूचा परिसरही विजापूरकडे आला.

१६५६ मध्ये दुसरा अली गादीवर येताच त्याच्या जन्माविषयी शंका काढून मोगलांनी चढाई केली. औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदर व कल्याणी ही स्थळे घेतली. ह्या खचलेल्या अवस्थेत दरबाराने शहाजीपुत्र शिवाजी महाराजांच्या बंदोबस्तासाठी १६५९ मध्ये अफझलखानास पाठविले. तुळजापूर व पंढरपूर या मार्गाने तो वाईस गेला आणि वाटेत त्याने देवस्थानांना उपद्रव दिला, असे मराठी बखरींत सांगितले आहे. या सुमारास विठ्ठलमूर्ती सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आली, अशी परंपरा असून माढे येथील विठ्ठलमंदिराचा संबंध रा. चिं. ढेरे यांनी या घटनेशी जोडला आहे. राजकारण म्हणून पाहिले तरी ही चाल आत्मघातकी होती. ज्या माने-घाटगे-निंबाळकरांच्या तलवारीवर राज्याची पश्चिम बाजू उभी होती, त्यांच्याच कुलदैवतांच्या वाटेवरून ही फौज गेली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली खान मारला गेला.

यानंतरची सत्तावीस वर्षे म्हणजे एका दीर्घ माघारीचा वृत्तांत. मिर्झा राजा जयसिंग १६६५ मध्ये विजापूरवर चालून गेला; त्या मोहिमेत, पुरंदरच्या तहानुसार मोगलांच्या बाजूने असलेल्या शिवाजी महाराजांच्या साह्याने, डिसेंबरमध्ये मंगळवेढे घेण्यात आले. विजापूरकरांनी राजधानीभोवतीचे तलाव फोडून व विहिरी बुजवून मोगल सैन्याला पाण्यावाचून माघारी लावले. तरी १६६८ मध्ये अलीने तह करून सोलापूरचा किल्ला व त्याखालील मुलूख मोगलांच्या स्वाधीन केला. १६७२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचा वारस सिकंदर हा लहान मूल होता. खवासखान, पठाण बहलोलखान, सिद्दी मसूद असे कारभारी एकामागून एक आले. तट बदलले होते, दखनींच्या विरोधात आता परदेशींऐवजी पठाण होते. रोग तोच होता. १६७९ मध्ये मोगल सरदार दिलेरखान विजापूरपाशी आला, तेव्हा मसूदने मदत मागितली ती शिवाजी महाराजांकडे, आणि ती त्याला मिळाली. त्याच वर्षी सिकंदरची बहीण शहरबानू हिला मोगल छावणीत पाठवावे लागले. यावेळी आंदण मागावयास कोणी उरले नव्हते.

१ एप्रिल १६८५ रोजी विजापूरचा वेढा सुरू झाला. औरंगजेबाने मुक्काम केला तो सोलापुरास. तेथून वर्षभर त्याने वेढ्यावर देखरेख केली आणि जून १६८६ मध्ये तो स्वतः विजापूरकडे निघाला. शहरात धान्य संपले होते, बाहेर मोगलांच्या छावणीतही दुष्काळच होता. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर शरण आला व राज्य संपले. पुढच्याच वर्षी गोवळकोंडाही पडला.

औरंगजेबाचे दक्षिणेतील काम मात्र संपले नाही. मराठ्यांशी चाललेल्या युद्धासाठी त्याने १६९५ मध्ये भीमेच्या काठी, मंगळवेढ्यानजीक माचणूर-ब्रह्मपुरी येथे तळ दिला, त्याला इस्लामपुरी हे नाव ठेवले आणि ऑक्टोबर १६९९ पर्यंत हिंदुस्थानचा कारभार तेथूनच चालविला. बादशाही छावणी इतकी जवळ असल्याने पंढरपूरच्या बडव्यांनी विठ्ठलमूर्ती जवळच्या देगाव येथे नेऊन लपविली होती, असे सांगितले जाते. सिकंदर आदिलशाह हा बादशहाच्या लष्कराबरोबर बंदी म्हणून फिरत होता. ३ एप्रिल १७०० रोजी साताऱ्याजवळच्या छावणीत तो मरण पावला. त्याचे शव विजापुरास नेऊन दफन करण्यात आले. पूर्वजांच्या घुमटांच्या त्या शहरात त्याची कबर साधी व उघड्यावर आहे.